स्पॅनिश इंग्रजीतून नको, मराठीतून शिका: सालामांकातले नऊ महिने

गोदाकाठची · सोमवार, रात्री 10.40

नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटी नाशिकला परतले. सप्टेंबरपासून नऊ महिने स्पेनमधल्या सालामांका या गावात राहून स्पॅनिश शिकत होते. परत आल्यापासून जो भेटतो तो तीन गोष्टी विचारतो: भाषा आली का, खायचीस काय, खर्च किती झाला. एकेकाला सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते या तिन्हींत नाही.

आधी थोडं मागचं. अंबडच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं खरेदी विभागात होते. एक यंत्र स्पेनहून आलेलं, त्याची माहितीपुस्तिका स्पॅनिशमध्ये. बिघाड झाला की मेलवर मेल, तिकडच्यांचंही इंग्रजी जेमतेम आणि आमचंही. तेव्हाच ठरवलं की ही भाषा नीट शिकायची. दोन वर्षं घरी बसून ऑनलाइन शिकले, पैसे साठवले आणि गेले.

आता ती गोष्ट. मी एका सत्तरीच्या बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होते. त्यांना इथे आजीच म्हणते. दुसऱ्याच आठवड्यात भांडी विसळताना माझ्या हातून काचेचा ग्लास पडला आणि फुटला. मी धावत बाहेर जाऊन सांगितलं, "ए रोतो एल बासो." म्हणजे मी ग्लास फोडला. इंग्रजीत आपण असंच म्हणतो ना. आजींनी टीव्हीचा आवाज कमी केला, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "का? रागावलीस कुणावर?" मला काहीच कळेना. मग त्या उठून स्वयंपाकघरात आल्या, काचा बघितल्या, आणि माझ्या दंडाला धरून हळू म्हणाल्या, "से ते आ काइदो, इखा." पडला गं तुझ्या हातून, पोरी.

मी केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिले. "हातून पडला." हे तर आई म्हणते! माझ्या हातून दूध सांडलं, माझ्याकडून राहून गेलं, मला विसर पडला. आपण घरात दिवसभर असंच बोलतो. चूक झालीय, माझ्याकडून झालीय, पण मी ती केलेली नाही. स्पॅनिशमध्ये अगदी हेच आहे: से मे काइओ, माझ्या हातून पडलं; से मे ओल्बिदो, मला विसर पडला. आणि मी दोन वर्षं ते इंग्रजीच्या चष्म्यातून "विशेष रचना" म्हणून पाठ करत होते.

त्या रात्री वहीचं नवीन पान काढलं आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मराठी. इंग्रजीला जागाच ठेवली नाही. पुढचे आठ महिने ती वहीच माझी खरी शाळा होती.

बघा ना. वर्गात "मे गुस्ता" शिकवायला बाईंना दोन दिवस लागले. अमेरिकेच्या मुलांना पटेचना की आवडणारी वस्तू कर्ता आणि मी नुसता "मला". आपल्याला यात शिकायचं काय? मला कॉफी आवडते, मे गुस्ता एल काफे. मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. आंबे अनेक म्हणून क्रियापद अनेकवचनी, मराठीतही आणि तिकडेही. डोकं दुखतंय, मे दुएले ला काबेथा. यातही "मी" कुठेच नाही.

पुढचं. मी घर बघते, बेओ ला कासा. मी आजीला बघते, बेओ आ ला आबुएला. माणूस आला की "ला" लागतो, त्यांच्याकडे "आ" लागतो. इंग्रजीत हा भेदच नाही, म्हणून इंग्रजी पुस्तकांत यावर आख्खा धडा असतो.

भूतकाळ दोन आहेत म्हणून सगळे घाबरतात. लहानपणी आम्ही दर श्रावणी सोमवारी त्र्यंबकला जायचो: इबामोस. परवा गेलो: फुइमोस. "जायचो" आणि "गेलो" यांत तुमचा कधी गोंधळ होतो का?

आणि ज्याच्या नावानं लोक शिकणं सोडून देतात तो सुब्खुंतिबो. आजी रोज दुपारी ताट मांडून म्हणायच्या, "किएरो के कोमास." तू जेवावंस. पाऊस यावा, बरं व्हावं, सुखी राहावं. हा आपला "वा" आहे, शाळेत विध्यर्थ म्हणून शिकलेला. आणि "ओखाला" हा शब्द तर त्यांच्याकडे अरबीतून आला, देवाची इच्छा असेल तर या अर्थाचा. ओखाला युएबा, पाऊस पडावा. निफाड-येवल्याकडचा शेतकरी जूनमध्ये जे म्हणतो तेच.

उच्चारांचं तर विचारूच नका. त, द, प, क आपले तयार आहेत. इंग्रजी बोलणारे "ताको" म्हणताना "टाखो" म्हणतात. सालामांकात झेडचा आणि इ-ए आधीच्या सीचा उच्चार जिभेचं टोक दातांत धरून थ सारखा होतो, तेवढा आठवडाभर घोटावा लागला.

रोजच्या जगण्याचं उद्या लिहिते. फार मोठं झालं.

निफाडी · सोमवार, रात्री 11.25

ताई, वाचून अंगावर काटा आला. माझा मुलगा 21 वर्षांचा आहे, त्याला जायचंय. आमची द्राक्षबाग आहे, युरोपात माल जातो, त्यामुळे घरात विषय निघतोच. त्याला मराठी चांगलं येतं, इंग्रजीला मात्र तो बिचकतो आणि त्यापायी "मला परदेशी भाषा जमणार नाही" म्हणतो. तुमची पोस्ट त्याला मोठ्यानं वाचून दाखवली. कागदपत्रं, थंडी आणि खाणं यावर कृपया सविस्तर लिहा.

रविवार_कारंजा · मंगळवार, सकाळी 8.10

छान लिहिलंय. मी नाशिकमध्ये बारा वर्षं स्पॅनिशच्या शिकवण्या घेतो. एक धोक्याची सूचना देतो, राग मानू नये. मराठीचा आधार सेर आणि एस्तार या दोन क्रियापदांपाशी तुटतो. आपल्याकडे दोन्हींना "आहे". मी नाशिकचा आहे, मी नाशिकमध्ये आहे. पहिल्याला सेरचं "सोय", दुसऱ्याला एस्तारचं "एस्तोय". मराठीवर विसंबलेला विद्यार्थी इथे हमखास चुकतो. लिंगाचंही तेच. हात आपल्याकडे पुल्लिंगी, त्यांची मानो स्त्रीलिंगी. आपल्याला तीन लिंगांची सवय असल्यामुळे शब्दाला लिंग असतं हे पटवून द्यावं लागत नाही, हे खरं. पण कुठलं, ते पाठच करावं लागतं.

गोदाकाठची · मंगळवार, रात्री 9.55

सर, राग कसला, अगदी बरोबर आहे. सेर-एस्तारला मी अर्धा आधार शोधला होता तो सांगते. बर्फ थंड असतो: एस, म्हणजे सेर. सूप गार झालंय: एस्ता, म्हणजे एस्तार. आपला "असतो" आणि "झालंय" बऱ्याच वेळा वाट दाखवतो. पण "मी नाशिकची आहे" तिथे वाट संपते, हे मान्य. वहीत अशा जागी मी लाल पेनानं "इथे मराठी नाही" असं लिहून ठेवायचे. त्या नऊ महिन्यांत अशी पानं फार थोडी झाली.

लिंगाचं मला एक लागलं. त्यांच्याकडे नद्या पुल्लिंगी. सालामांकाची नदी एल तोर्मेस; "एल" पुल्लिंगी शब्दाआधी लागतो, "ला" स्त्रीलिंगी. वर्गात आपापल्या गावाबद्दल बोलायचं होतं तर मला "एल गोदावरी" म्हणावं लागलं. जिला आयुष्यभर गंगामाई म्हटलं, तिला तो म्हणायचं. वाक्य पूर्ण केलं, पण जिभेला जड गेलं.

आता निफाडचे दादा, कागदपत्रं. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर विद्यार्थी व्हिसा मुंबईतून. पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, शाळेचं प्रवेशपत्र, आरोग्यविमा आणि खर्चाची सोय दाखवणारी बँकेची कागदं लागतात. मला महिन्याला 600 युरो या हिशोबानं दाखवावे लागले. पोलीस दाखल्यावर अपोस्टील (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) आणि स्पॅनिश भाषांतर लागतं, त्याला वेळ जातो, म्हणून चार महिने आधी लागा. तिकडे पोचल्यावर 30 दिवसांच्या आत परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा, त्याला तिए म्हणतात. बोटांचे ठसे पोलीस ठाण्यात घेतात. त्याआधी नगरपालिकेत आपण इथे राहतो अशी नोंद करायची, ती एम्पाद्रोनामिएन्तो.

इथेच मला फटका बसला. आजींकडे जाण्याआधी मी इथूनच एक खोली ठरवून गेले होते. महिन्याचं भाडं आणि तेवढीच अनामत आगाऊ भरली. पोचल्यावर घरमालक म्हणाला, करारावर सही करणार नाही, नोंदही करायची नाही. नोंद नाही तर ओळखपत्र अडणार. बारा दिवसांत खोली सोडली. अनामत परत मिळाली नाही ती नाहीच. मुलाला सांगा, पहिले दोन आठवडे कुठेतरी साधी सोय करायची, खोली डोळ्यांनी बघायची आणि "इथे नाव नोंदवता येईल का" हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारायचा.

थंडी. नाशिक साधारण 600 मीटरवर, सालामांका 800 मीटरवर. निफाडचा पारा उतरला की पेपरात बातमी येते, तिथे जानेवारीत कित्येक सकाळी पारा शून्याखाली असतो. रात्री खिडक्यांवर पेर्सियाना ओढून घ्यायच्या. ती पट्ट्यांची झडप असते, घर ऊबदार राहतं आणि अंधार इतका की सकाळ झालेली कळत नाही. आजींच्या घरी जेवणाच्या टेबलाखाली शेगडी ठेवलेली, टेबलावर जाड कापड जमिनीपर्यंत सोडलेलं. सगळ्यांनी ते कापड मांडीवर ओढून बसायचं. माझा अर्धा अभ्यास आणि निम्म्याहून जास्त बोलणं त्या टेबलाशी झालं. घरात सिलिंडर नारिंगी रंगाचा, साडेबारा किलोचा, आपल्या 14.2 किलोच्या लाल सिलिंडरचा धाकटा भाऊ. लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर तो चढवणाऱ्या माणसाला आजी दर वेळी पाणी विचारायच्या.

दिवसाची घडी लागायला मला महिना गेला. दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं साडेनऊ-दहाला. दोन ते पाच बरीच छोटी दुकानं बंद. रविवारी तर गाव झोपलेलं, त्यामुळे भाजी शनिवारीच. सकाळी वर्ग, दुपारी जेवून कासा दे लास कोंचासमध्ये अभ्यास. भिंतीवर दगडी शिंपले कोरलेली ती जुनी वास्तू आहे, आत सार्वजनिक वाचनालय चालतं. फुकट, शांत. खिडकीशी बसलं की समोर पिवळसर सोनेरी दगड, संध्याकाळच्या उन्हात पेटल्यासारखा दिसतो. याच गावात 1218 पासून विद्यापीठ आहे आणि 1492 साली स्पॅनिशचं पहिलं व्याकरण याच गावात छापलं गेलं. ते आठवलं की वही उघडताना मी जरा नीट बसायचे.

संध्याकाळी सगळं गाव चौकात, प्लाथा मायोरमध्ये. "घड्याळाखाली भेटू" एवढंच म्हणायचं. रविवार कारंजावर भेटू म्हणतो तसं.

बोलायला खरी शिकले ते मंडईत. तिथे रांग लागत नाही. माणसं इकडेतिकडे उभी. मी पहिल्या दिवशी सरळ पुढे गेले तर चार चेहरे वळले. मग एका बाईंनी शिकवलं: आल्यावर मोठ्यानं विचारायचं, "किएन एस एल उल्तिमो?" शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं. आता तुम्ही त्यांच्यानंतर, बिनधास्त फिरा. आपल्या गिरणीत दळणाचे डबे ठेवून लोक निघून जातात, नंबर डब्यांचा असतो, तसंच हे. चार दिवसांनी मी दारातून शिरतानाच विचारू लागले. आठवडाभरानं एका आजोबांनी मला विचारलं, शेवटचं कोण, आणि मी हात वर केला. त्या दिवशी आपण या गावात राहतो असं पहिल्यांदा वाटलं.

सिडकोची_आई · बुधवार, दुपारी 1.15

लेकीला सप्टेंबरमध्ये पाठवतेय. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. पोरगी उपाशी तर राहणार नाही ना? रात्र रात्र झोप लागत नाही.

गोदाकाठची · बुधवार, रात्री 9.20

काकू, नाही राहणार. मीही शाकाहारी आहे. फक्त "मांस नको" एवढं म्हणून चालत नाही. ते हॅम आणि टूना मांसात धरत नाहीत, सॅलडवर टूना येतोच. लेकीला हे वाक्य पाठ करायला लावा: "सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून." मांस नको, हॅम नको, टूना नको. मसुराच्या रश्श्यातही चोरिथो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं, विचारूनच घ्यायचं. बाहेर तोर्तिया मिळतो, बटाटा-अंड्याचा जाड थर, कुठेही आणि स्वस्त. सकाळी टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, वर मीठ. पिस्तो म्हणजे भोपळी मिरची, टोमॅटो आणि दोडक्यासारख्या काकडीवर्गीय भाजीची रस्सेदार भाजी, पोळीबरोबर झकास लागते.

घरी मात्र मी सोनं शोधलं. सालामांकाजवळच्या आर्मुन्या भागातले मसूर नावाजलेले आहेत. त्यांची आमटी केली, काळा मसाला आईनं दिलेला. आजी चमचा तोंडात घालून थांबल्या, मग म्हणाल्या, हे आमचेच मसूर ना? त्यांनी आयुष्यभर हे मसूर खाल्लेले, पण ते असे लागतात हे त्यांना माहीत नव्हतं. पुढे दर गुरुवारी आमटी. लेकीबरोबर गोडा किंवा काळा मसाला, हिंग आणि चिंच द्या. तांदूळ, डाळी, कणीक सगळं तिथे मिळतं.

आणि 31 डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्यांना बारा द्राक्षं खातात, ठोक्याला एक. मी नाशिकची म्हटल्यावर आजींनी द्राक्षं निवडायचं काम मला दिलं. तिथली बियांची होती, आपल्या थॉम्सनसारखी नाहीत. मी आदल्या संध्याकाळी बसून प्रत्येक द्राक्ष चिरून बिया काढल्या, आजींची बारा आणि माझी बारा. दर ठोक्याला निफाडची बाग डोळ्यांसमोर होती.

भाकरतुकडा · गुरुवार, पहाटे 5.30

मी सध्या ग्वातेमालातल्या आंतिग्वा गावात आहे, मूळचा देवळाली गावचा. भारतापेक्षा साडेअकरा तास मागे, म्हणजे माझी बुधवारची संध्याकाळ आहे. इकडे शिकण्याची पद्धत वेगळी. एक शिक्षक, एक विद्यार्थी, रोज चार तास समोरासमोर, आणि राहणं एका कुटुंबात. स्पेनपेक्षा खर्च बराच कमी. "बोसोत्रोस" (स्पेनमध्ये जवळच्या अनेकांना म्हणायचं "तुम्ही") नाही, सगळ्यांना "उस्तेदेस". तुमचा तो थ नाही, सरळ स. मित्र एकमेकांना "बोस" म्हणजे तू म्हणतात आणि आई मुलाला कधी कधी "उस्तेद", मानाचं तुम्ही, म्हणते. आपण लहान बाळाला "अहो राजे" म्हणतो तसं मला वाटलं.

जेवणाबद्दल सिडकोच्या काकूंना सांगतो: इथे तोर्तिया म्हणजे मक्याची भाकरी. घरातल्या काकू सकाळ-संध्याकाळ हातावर थापतात, तो थप थप आवाज ऐकून मी उठतो. तव्याला कोमाल म्हणतात. पहिल्या दिवशी मी हात धुऊन त्यांच्या शेजारी बसलो आणि एक थापून दाखवली. आईनं शिकवलेली. माझी मोठी झाली, त्यांच्या तळहाताएवढ्या असतात. त्यांनी ती भाजली आणि सगळ्यांना तुकडा तुकडा वाटला. त्यानंतर मला त्या घरात पाहुणा म्हणून कुणी वागवलं नाही. सोबत काळ्या घेवड्याचा दाट रस्सा. मागच्या गच्चीतून फुएगो ज्वालामुखी दिसतो, रात्री लाल ठिणग्या.

मराठीतून शिकायचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. माझी भर: आपल्याकडचे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आठवा. चावी, इथे याबे. साबण, खाबोन. पाव, पान. बटाटा, इकडे पापा म्हणतात पण स्पेनमध्ये पाताता. कपाटाचं दार निखळलं तेव्हा लोखंडी सामानाच्या दुकानात मला शब्द आठवेना, शेवटी "बिजागरी" म्हणालो. दुकानदार म्हणाला, "बिसाग्रा?" आणि काढून दिली.

रविवार_कारंजा · गुरुवार, सकाळी 9.00

बिजागरी! बारा वर्षं शिकवतोय, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आजच वर्गात सांगतो. गोदाकाठची, तुमच्या वहीची पानं बघायला मिळतील का? मला मुलांसाठी मराठीतून टिपणं करायची आहेत. नाव तुमचंच राहील.

निफाडी · गुरुवार, रात्री 8.45

मुलगा विचारतोय, परीक्षा कुठली द्यायची?

गोदाकाठची · गुरुवार, रात्री 10.15

देले. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीनं इन्स्तितुतो सेर्बान्तेस देते, दिल्लीत त्यांचं केंद्र आहे. ए-1 ते सी-2 अशा सहा पातळ्या, प्रमाणपत्र कायमचं. सिएले नावाची दुसरी आहे, तिचा निकाल पाच वर्षं चालतो. मी मे महिन्यात बी-2 दिली. त्यात वाचन आणि लेखन मिळून 50 पैकी 30, ऐकणं आणि बोलणं मिळून 50 पैकी 30, दोन्ही गटांत वेगवेगळं पास व्हावं लागतं. त्यामुळे नुसता लिखाणावर भर देऊ नको म्हणावं. निकाल यायचाय.

सर, वही आनंदानं देते. दोनशे पानी आहे, अक्षर बरं आहे.

परवा गंगापूर धरणातून पाणी सोडलं तेव्हा मी रामकुंडावर गेले होते. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं. फोटो काढून आजींना पाठवला, खाली लिहिलं की आमच्याकडे पूर किती आला हे या मारुतीवरून सांगतात. नऊ महिने त्यांनी माझी एकही चूक सोडली नव्हती, लिंगाची तर नाहीच. त्यांचं उत्तर आलं: "के ग्रांदे बिएने ला गोदावरी, इखा." केवढी आलीय गं ही गोदावरी. "ला" लिहिलं होतं त्यांनी. मी आईला वाचून दाखवलं.

सिडकोची_आई · गुरुवार, रात्री 10.50

वाचून डोळ्यांत पाणी आलं बाई. लेक म्हणतेय तुला भेटायचंय. येशील का घरी? काळा मसाला कुटायला घेतलाच आहे.

गोदाकाठची · गुरुवार, रात्री 11.05

येते की काकू. रविवारी सकाळी? सर, तुम्हीही या, वही घेऊनच येते. निफाडचे दादा, मुलाला पाठवा.

निफाडी · शुक्रवार, सकाळी 6.40

पाठवतो. पहिल्या एसटीनं बसवतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.